नवीकरणीय वीज वाढली तरी उत्सर्जन का घटत नाही? आधी ‘कशाच्या जागी’ ते विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. प्रबंधासाठी तुम्ही शंभराहून जास्त देशांची आकडेवारी घेतली आहे. एका अक्षावर एकूण ऊर्जावापरातला नवीकरणीय ऊर्जेचा वाटा, दुसऱ्यावर दरडोई कार्बन उत्सर्जन. देशादेशांची तुलना केली की वाटा जास्त तिथे उत्सर्जन कमी, असं ठसठशीत चित्र दिसतं. पण एकेका देशाची वीस वर्षांची वाटचाल पाहिली तर बऱ्याच ठिकाणी नवीकरणीय वीजही वाढतेय आणि उत्सर्जनही. मार्गदर्शक म्हणतात, निष्कर्ष स्पष्ट लिहा. मग संबंध आहे की नाही? आणि शेवटी जोडलेला उपप्रश्न: कंपन्या ‘शंभर टक्के हरित वीज’ वापरतो म्हणतात, ती या हिशेबात धरायची का?

मी उत्सर्जनाचे हिशेब मांडायचं काम करतो, मुख्यतः वीजनिर्मिती आणि कारखाने यांचे. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. संख्याशास्त्रातले बारकावे तुमच्या विभागातली माणसं माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

सौर पॅनल किंवा पवनचक्की स्वतः कार्बन कमी करत नाही. ती वीज तयार करते, एवढंच. कार्बन घटतो तो कुठे तरी कोळसा, तेल किंवा वायू जाळायचा राहतो म्हणून. तेव्हा ‘नवीकरणीय ऊर्जा किती वाढली’ हा अर्धाच प्रश्न झाला. ‘तिच्यामुळे काय जळायचं राहिलं’ हा उरलेला अर्धा, आणि त्याचं उत्तर देशागणिक, वर्षागणिक, अगदी तासागणिक बदलतं. तुमच्या दोन आलेखांची तोंडं दोन दिशांना आहेत, कारण दोन्हींत हा दुसरा अर्धा नाहीच.

आधी देशादेशांच्या तुलनेचा आलेख घेऊ, कारण तोच जास्त फसवा आहे.

तुम्ही वापरलेला वाटा बहुधा जागतिक बँकेच्या संचातला असणार: अंतिम ऊर्जावापरात नवीकरणीय ऊर्जेची टक्केवारी. या आकड्यात चुलीत जळणारं सरपण, कोळसाभट्टीतला लाकडी कोळसा, शेणाच्या गोवऱ्या हे सगळं ‘नवीकरणीय’ म्हणून मोजलेलं असतं. तुमच्या तक्त्यात वाट्याच्या उतरत्या क्रमाने देश लावून पाहा. वरच्या ओळींत कांगोचं लोकशाही प्रजासत्ताक, इथिओपिया असे देश येतील, ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर. तळाला आखाती तेलउत्पादक देश, जवळपास शून्यावर. पवनऊर्जेसाठी नावाजलेला डेन्मार्क कुठे तरी मध्येच सापडेल. म्हणजे तुमच्या आलेखाची उतरती रेघ पवनचक्क्यांनी काढलेली नाही, ती गरिबीने काढली आहे. जिथे माणसं सरपणावर जेवण रांधतात आणि मोटारी-कारखाने थोडे आहेत, तिथे दरडोई उत्सर्जन कमी असणारच.

त्यात हिशेबाची आणखी एक मेख आहे. लाकूड जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जाक्षेत्राच्या बेरजेत धरत नाहीत. झाड तोडलं तेव्हाच त्यातला कार्बन जमीनवापराच्या खात्यात वजा झाला, असं आयपीसीसीची (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक मंडळाची) मार्गदर्शक तत्त्वं मानतात. एखादं कुटुंब सरपण सोडून गॅसच्या शेगडीवर आलं की आकडेवारीत एकाच वेळी दोन गोष्टी होतात: देशाचा नवीकरणीय वाटा घटतो आणि ऊर्जाक्षेत्राचं उत्सर्जन वाढतं. त्या घरातल्या बाईच्या फुप्फुसात जाणारा धूर थांबला, हे या दोन्ही रकान्यांत कुठेच दिसत नाही. हा संबंध निसर्गातला नाही, मोजणीच्या पद्धतीतून आलेला आहे, आणि तो तुमच्या सहसंबंधाला आयता हातभार लावतो. पहिली दुरुस्ती म्हणून पारंपरिक जैवभार (सरपण, लाकडी कोळसा, गोवऱ्या) वगळा आणि आलेख पुन्हा काढा. रेघ बरीच विस्कटेल. विस्कटू द्या.

दुसरी अडचण ‘वाटा’ या गोष्टीचीच. वाटा म्हणजे भागाकार, आणि भागाकार छेद बदलला तरी बदलतो. २०२० मध्ये महासाथीमुळे जगाची विजेची मागणी घसरली. पवन आणि सौर केंद्रांना इंधनाचा खर्च नसल्याने त्यांची वीज घेतली जात राहिली, कपात मुख्यतः कोळशाच्या वाट्याला आली. नवीकरणीय वाटा वाढला आणि जगाचं उत्सर्जनही त्या वर्षी सुमारे पाच टक्क्यांनी घटलं. आता कुणी या एका वर्षाच्या आकड्यांवरून ‘वाटा वाढला म्हणून उत्सर्जन घटलं’ असं लिहिलं तर? दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कारणाने झाल्या होत्या. वातावरणाला टक्केवारी कळत नाही, टन कळतात. म्हणून माझ्या कामात मी वाटा शक्यतो बाजूला ठेवतो आणि थेट युनिट मोजतो: किती अब्ज युनिट नवीकरणीय, किती अब्ज युनिट कोळसा, किती वायू, आणि एकूण मागणी किती.

आता मूळ मुद्दा, जागा कोण सोडतं.

ग्रिडमध्ये दर क्षणाला निर्मिती आणि मागणी यांचा मेळ बसावाच लागतो. नाही बसला तर फ्रिक्वेन्सी ५० किंवा ६० हर्ट्झवरून ढळते. समजा दुपारी बारा वाजता ढग सरले, सौरवीज २०० मेगावॅटने वाढली आणि मागणी तेवढीच राहिली. मग भारप्रेषण केंद्रातून (कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या नियंत्रण कक्षातून) कुणाला तरी तेवढाच भार उतरवायला सांगितला जातो. यात मतभेदाला जागाच नाही. या पातळीवर नवीकरणीय वीज आणि औष्णिक वीज यांची अदलाबदल जवळजवळ युनिटला युनिट होते.

पण उतरवायचं कुणी? सर्वसाधारण नियम असा की चालू केंद्रांपैकी ज्याची वीज त्या क्षणी सर्वांत महाग, ते आधी मागे येतं. इथे महाग म्हणजे इंधनाचा खर्च, कार्बन नव्हे. कोळसा स्वस्त आणि वायू महाग असेल तर सौरवीज आली की वायूचं केंद्र उतरतं आणि कोळसा निवांत चालू राहतो. चांगल्या संयुक्त चक्राच्या (वायू जाळून उरलेल्या उष्णतेवर पुन्हा वीज करणाऱ्या) वायुकेंद्रातून युनिटमागे साधारण ०.३५ ते ०.४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कोळशाच्या केंद्रातून ०.९ ते १ किलो. म्हणजे तेच पॅनल, तीच दुपार, पण वायू मागे आला तर फायदा निम्म्याहूनही कमी. एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पातून वर्षाला १५ लाख युनिट मिळतात असं धरा (ऊन बरं असेल तिथला हा अंदाज आहे). कोळसा मागे आला तर साधारण १,४०० टन वाचतात, वायू मागे आला तर ६०० टनांच्या आत-बाहेर. जलाशयाचं जलविद्युत केंद्र मागे आलं तर त्या तासाला वाचतात शून्य टन. मात्र पाणी धरणात शिल्लक राहतं आणि संध्याकाळी ते कुणाला हटवतं त्यावर खरा हिशेब ठरतो. आणि ग्रिडला वीज घेणं शक्यच नसेल, सौर केंद्रालाच निर्मिती थांबवायला सांगितलं, तर पॅनलवर ऊन पडूनही काही वाचत नाही.

इथे हमखास एक आक्षेप येतो. कोळशाचा संच अर्ध्या भारावर चालवला की त्याची कार्यक्षमता पडते, मग बचत उरतेच कुठे? आक्षेपात तथ्य आहे, पण तो किती मोठा ते आकड्यानेच पाहू. सोयीचे आकडे धरतो. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर युनिटमागे ०.९० किलो सोडतो: तासाला ५ लाख युनिट, ४५० टन. सौरवीज आली म्हणून तो ३०० मेगावॅटवर आणला आणि कार्यक्षमता पडल्याने युनिटमागे ०.९४ किलो झाले: ३ लाख युनिट, २८२ टन. फरक १६८ टन. २ लाख सौर युनिटांमुळे खरं तर १८० टन वाचायला हवे होते, वाचले १६८. सुमारे ९३ टक्के फायदा हाती राहिला. संच वारंवार बंद-चालू करावा लागला तर आणखी थोडी घट होते, कारण सुरू होताना तो तेल पितो. पण ‘कोळशाचा संच चालूच राहतो, त्यामुळे काही वाचत नाही’ हे म्हणणं हिशेबात टिकत नाही.

साठवणुकीचंही असंच आहे. दुपारी वाया जाणाऱ्या सौरविजेने बॅटरी भरली आणि संध्याकाळी तिच्यामुळे वायू किंवा डिझेल वाचलं तर निव्वळ लाभ. रात्री कोळशाच्या विजेवर भरून संध्याकाळी वायूला हटवलं तर भरण्या-उतरवण्यातली १०-१५ टक्के गळती धरून उत्सर्जन उलट वाढेल. बॅटरी चांगली की वाईट, हे ती कधी भरली त्यावर ठरतं.

तर तासाच्या पातळीवर अदलाबदल पक्की. मग दशकांच्या पातळीवर ती कुठे हरवते?

रिचर्ड यॉर्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये जगातल्या बहुतेक देशांच्या पन्नास वर्षांच्या आकड्यांवर एक विश्लेषण प्रसिद्ध केलं. जीवाश्मेतर स्रोतांपासून मिळालेल्या प्रत्येक युनिट विजेमागे जीवाश्म इंधनाची वीज सरासरी एक दशांश युनिटाहूनही कमी घटली, असं त्यात दिसलं. तासाला जवळजवळ एकास एक आणि पन्नास वर्षांत एकास एक दशांशही नाही! या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि तुमच्या प्रबंधाची खरी जागा माझ्या मते इथेच आहे.

तासाच्या हिशेबात मागणी स्थिर धरलेली असते, पन्नास वर्षांत ती स्थिर राहत नाही. बहुतेक देशांनी त्या काळात नवी धरणं आणि नव्या अणुभट्ट्या जुनी कोळसा केंद्रं बंद करण्यासाठी बांधल्याच नाहीत, वाढती मागणी भागवण्यासाठी बांधल्या. वीज मुबलक झाली की नवे उद्योग येतात, विजेवर चालणाऱ्या नव्या वस्तू येतात. दुपारी मागे आलेला कोळशाचा संच मोडीत निघत नाही, तो संध्याकाळच्या वाढलेल्या मागणीसाठी उभाच असतो. एका देशाने न घेतलेला कोळसा स्वस्त होऊन दुसऱ्या देशात जळतो. हे सगळं तासाच्या हिशेबाबाहेर घडतं. मात्र यॉर्क यांचा आकडा आजच्या सौर-पवनाला जसाच्या तसा लावू नका. त्या पन्नास वर्षांतली जीवाश्मेतर वीज प्रामुख्याने जलविद्युत आणि अणुवीज होती, आणि सरासरीच्या आत देशादेशांत खूप फरक दडलेला असतो.

चीनचंच पाहा. २०१० ते २०२० या दशकात जगात सर्वांत जास्त पवन आणि सौर क्षमता तिथे उभी राहिली, आणि त्याच दशकात उत्सर्जनही वाढलं, कारण विजेची मागणी जवळपास दुपटीकडे गेली. नवीकरणीय वीज निरुपयोगी ठरली का? नाही. ती नसती तर तेवढी वीज कोळशानेच दिली असती. ‘उत्सर्जन घटलं नाही’ आणि ‘उत्सर्जन वाढायचं ते तेवढं वाढलं नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. तुमचा दुसरा आलेख पहिलं विधान दाखवतो आणि दुसऱ्याबद्दल गप्प राहतो. मागणीच्या वाढीपेक्षा नवीकरणीय विजेची वाढ जास्त झाली, तरच कोळशाच्या युनिटांना वजाबाकी लागते. हा उंबरठा ओलांडला की नाही, हे प्रत्येक देशासाठी साध्या बेरीज-वजाबाकीने पाहता येतं. मला विचाराल तर सगळ्या प्रबंधातला हा सर्वांत उपयोगी तक्ता ठरेल.

धोरणाने किती फरक पडतो यासाठी जर्मनी आणि ब्रिटन शेजारी ठेवून पाहा. जर्मनीत २००९ ते २०१६ मध्ये वीजवापरातला नवीकरणीय वाटा सुमारे १६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणजे दुप्पट. देशाचं एकूण हरितगृह वायू उत्सर्जन मात्र दोन्ही टोकांना ९० कोटी टनांच्या आसपासच. (२००९ हे मंदीचं वर्ष, तेव्हा उत्सर्जन आधीच पडलेलं होतं. सुरुवातीचं वर्ष निवडताना अशा जागा तपासत चला. अशी वर्षं निवडून हवी ती गोष्ट सिद्ध करणारे खूप भेटतात.) फुकुशिमाच्या अपघातानंतर २०११ मध्ये जर्मनीने आठ अणुभट्ट्या बंद केल्या. नव्या हरित विजेचा मोठा हिस्सा आधीच कार्बन न सोडणाऱ्या विजेची जागा भरण्यात गेला. युरोपच्या बाजारात उत्सर्जन परवाने (कार्बन सोडण्यासाठी केंद्रांना टनामागे विकत घ्यावे लागणारे हक्क) कवडीमोल होते, त्यामुळे तपकिरी कोळसा स्वस्त राहिला आणि मागे आला तो वायू. वीज निर्यातही वाढली, म्हणजे काही फायदा शेजाऱ्यांच्या खात्यात गेला. पुढे परवान्याची किंमत टनामागे पाच-सात युरोंवरून २०१९ मध्ये २५ युरोंच्या घरात गेली, आणि त्याच वर्षी जर्मनीची कोळशाची वीज झपाट्याने खाली आली. पॅनल आणि पवनचक्क्या आधीपासून होत्याच, फक्त मागे येणाऱ्यांची रांग उलटली.

ब्रिटनने ही रांग आधीच उलटवली होती. २०१२ मध्ये तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. २०१३ पासून युरोपच्या परवान्याच्या वर स्वतःची किमान कार्बन किंमत लावली, प्रदूषणाच्या नियमांनी जुनी केंद्रं बंद पडत गेली, समुद्रातली पवनऊर्जा वाढली, वीजमागणीही घटली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. यातलं सगळं श्रेय पवनचक्क्यांना देऊ नका, सुरुवातीला कोळशाची बरीच जागा वायूने घेतली होती. आणि फ्रान्सचं उदाहरणही जवळ ठेवा: नवीकरणीय वाटा जर्मनीपेक्षा कमी, तरी अणुविजेमुळे युनिटमागचं उत्सर्जन कितीतरी कमी. ‘नवीकरणीय’ आणि ‘कमी कार्बनची’ हे दोन रकाने तुमच्या तक्त्यात वेगवेगळेच ठेवा.

वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे, हे तुम्हाला माहीत असणारच, पण आलेखात ते उतरलेलं नाही. जगाच्या अंतिम ऊर्जावापरात विजेचा हिस्सा साधारण एक पंचमांश आहे. बाकीचं पेट्रोल-डिझेल, कारखान्यांची भट्टी, घरं तापवण्याचा वायू. सिमेंटमध्ये तर निम्म्याहून जास्त उत्सर्जन इंधनातून येतच नाही, चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी सौरविजेवर चालवली तरी तो निघणारच. तुम्ही वीजक्षेत्रातली नवीकरणीय वाढ एका बाजूला आणि देशाचं एकूण उत्सर्जन दुसऱ्या बाजूला ठेवता, तेव्हा मोटारींची वाढ आणि सिमेंटची वाढ हे सगळं पवनचक्कीच्या माथी मारता. वीजक्षेत्राची तुलना वीजक्षेत्राच्याच उत्सर्जनाशी करा.

त्याच ओघात, ‘प्राथमिक ऊर्जा’ (वीज किंवा इतर रूपात बदलण्याआधीची मूळ ऊर्जा) या रकान्यापासून जपून राहा. कोळशातल्या उष्णतेपैकी ३५-४० टक्केच वीज होते, बाकी धुराड्यातून आणि शीतनमनोऱ्यातून जाते. सौरविजेत असा उष्णतेचा टप्पाच नाही. काही संस्था सौरविजेचं एक युनिट एकच धरतात, काही ‘कोळशाने केलं असतं तर किती उष्णता लागली असती’ असा फुगवून धरतात. दोन वेगवेगळ्या संस्थांचे आकडे एका रकान्यात आले तर सगळाच घोळ होईल.

पॅनल बनवतानाच्या उत्सर्जनाची चर्चा फार होते, मुद्दा त्या मानाने लहान आहे. खाणीपासून मोडीपर्यंतचं सगळं धरून आयपीसीसीच्या २०१४ च्या अहवालातले मध्यक युनिटमागे असे आहेत: कोळसा ८२० ग्रॅम, वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, जमिनीवरची पवनऊर्जा ११, अणुवीज १२, जलविद्युत २४. सौर आणि कोळशात सतरापटींचा फरक आहे, त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. अपवाद दोनच ठिकाणी. उष्ण प्रदेशात जंगल बुडवून केलेले उथळ जलाशय मिथेन सोडतात, तिथे सरासरीचा २४ हा आकडा लावू नका. आणि लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी वीज: कागदावर शून्य, प्रत्यक्षात धुराड्यातून कोळशाइतका किंवा थोडा जास्तच कार्बन आज बाहेर पडतो आणि तोडलेलं जंगल तो परत घ्यायला दशकं लावतं. या दुसऱ्या प्रकाराला सौर-पवनाच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. निदान वेगळ्या रकान्यात तरी ठेवाच.

मग प्रबंधात करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर देशादेशांची तुलना प्रास्ताविकापुरती ठेवली असती, ‘हा सहसंबंध का फसवतो’ हे दाखवायला. मुख्य काम एकेका देशाच्या आतल्या बदलांवर. जपानी अभ्यासक योइची काया यांच्या नावाने ओळखलं जाणारं समीकरण त्यासाठी सोयीचं पडतं: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या एककामागचा कार्बन, या चौघांचा गुणाकार म्हणजे उत्सर्जन. नवीकरणीय ऊर्जा यातल्या फक्त चौथ्या घटकावर थेट काम करते. पहिले दोन घटक वर ओढत असताना चौथ्याने किती खाली ओढलं, हे वेगळं काढलं की ‘दोन्ही वाढताहेत’ हे कोडं उरत नाही.

कार्यकारणाबद्दल एक युक्ती सुचवतो. श्रीमंत, शहरी, कायदे कडक असलेले देशच जास्त पवनचक्क्या उभारतात, त्यामुळे पवनचक्कीचा परिणाम कोणता आणि श्रीमंतीचा कोणता हे सुटं करणं अवघड जातं. पण पाऊस कुणाच्या धोरणाने पडत नाही. जलविद्युतवर विसंबलेल्या देशात कोरडं वर्ष आलं की नवीकरणीय वीज आपोआप घटते, आणि मग काय जळतं ते स्वच्छ दिसतं. ब्राझीलमध्ये २०१४-१५ च्या आणि पुन्हा २०२१ च्या दुष्काळात औष्णिक केंद्रं जोरात चालवावी लागली. त्याच देशात २००१ च्या दुष्काळात मात्र औष्णिक क्षमता पुरेशी नव्हती, तेव्हा वापरावरच मर्यादा घालावी लागली: पाणी घटलं, वीज घटली, पण त्या जागी तेवढं इंधन जळलं नाही. देश एक, कारण एक, आणि पर्याय उपलब्ध होता की नव्हता यावरून उत्तरं वेगळी. जलविद्युतचा वाटा मोठा असलेल्या आठ-दहा देशांची पावसाची आणि मासिक वीजनिर्मितीची आकडेवारी मिळवलीत तर शंभर देशांच्या सहसंबंधापेक्षा कितीतरी भक्कम काही हाती लागेल. सौर-पवनासाठी हेच काम तासागणिक आकड्यांवर करता येतं, अनेक ग्रिड ते खुले ठेवतात.

मार्गदर्शकांना हवं तसं स्पष्ट लिहायचं तर मी असं लिहीन: मागणी स्थिर असताना नवीकरणीय वीज जीवाश्म विजेला जवळजवळ पुरती हटवते. मागणी वाढत असताना ती आधी वाढ अडवते, घट नंतर सुरू होते. कोळसा हटेल की वायू, हे इंधनाच्या आणि कार्बनच्या किमतीवर ठरतं. आणि वीजक्षेत्राबाहेरचं उत्सर्जन तिच्यामुळे आपोआप घटत नाही.

आता कंपन्यांच्या ‘शंभर टक्के हरित’ दाव्यांबद्दल. हे दावे बहुतेक वेळा प्रमाणपत्रांवर उभे असतात. नवीकरणीय विजेच्या दर हजार युनिटांमागे एक प्रमाणपत्र निघतं आणि ते विजेपासून सुटं करून विकता येतं. नॉर्वेची जवळपास सगळी वीज जलविद्युत आणि पवन. पण तिथली बरीचशी प्रमाणपत्रं युरोपात इतरत्र विकली जातात. परिणामी प्रमाणपत्र न घेणाऱ्या नॉर्वेतल्या ग्राहकाची वीज कागदावर मुख्यतः जीवाश्म आणि अणुइंधनाची दिसते, आणि दूरच्या देशातला खरेदीदार कागदावर जलविद्युत वापरतो. धरणं आधीच बांधलेली होती, या व्यवहाराने एक टनही कमी जळला नाही. दुसरीकडे, एखाद्या कंपनीने पंधरा-वीस वर्षांचा खरेदी करार केल्यामुळेच नवा पवनप्रकल्प उभा राहिला असेल, तर तिने काही तरी खरोखर हटवलं आहे. कागदावर दोघीही शंभर टक्केच.

ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या कंपन्यांचं उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार कंपन्यांनी विजेचं उत्सर्जन दोन्ही पद्धतींनी दाखवायचं असतं: एकदा ती जिथे आहे त्या ग्रिडच्या सरासरीने, एकदा तिने केलेल्या खरेदीनुसार. जाहिरातीत दुसरा आकडा येतो, पहिला अहवालाच्या मागच्या पानांवर असतो. देशपातळीच्या हिशेबात यातलं काहीच मिळवू नका. प्रमाणपत्रामागची वीज निर्मितीच्या आकड्यात आधीच आलेली असते, ती दोनदा मोजली जाईल. कंपन्यांवर वेगळं प्रकरण लिहिणार असाल तर दोन्ही आकडे घ्या, आणि ज्या कंपनीने ग्रिड-सरासरीचा आकडा दिलेलाच नाही तिला नमुन्यातून वगळा.